एक थेंब गळूचो नाय

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माझी आई सांगायची. कामावरची माणसं तर माझ्या पाठीमागे मला मिस्त्री न म्हणता मिरची म्हणत. मला त्याचं काही वाटत नसे. यंत्र दुरुस्त करणाऱ्याने गोड बोललंच पाहिजे असं कुठे लिहून ठेवलंय, असं मी म्हणायचो. एकोणीसशे सहासष्टच्या वैशाखात, अमावस्येच्या उधाणाला दोन दिवस उरले असताना, माझा तो राग एका माणसाच्या जिवावर उठला. त्या माणसाचं नाव काशीराम.

तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला खाजणवाडी आहे. तिथला खारबंधारा फुटला होता आणि प्रत्येक भरतीला खारं पाणी भाताच्या मळ्यांत शिरत होतं. बांधाला पडलेलं खिंडार बुजवायला सरकारने एक विलायती यंत्र पाठवलं. लोखंडी पट्ट्यांवर चालणारं, एका लांब हाताचं, हाताच्या टोकाला दातेरी बकेट. तो हात तारांवर नाही, नळ्यांतून दाबाने खेळणाऱ्या तेलावर हलायचा. वाडीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव कुर्ली, म्हणजे खेकडी, ठेवलं. एका नांगीची कुर्ली. ती चालवायला परशुराम, बिघडली तर बघायला मी, सदानंद मिस्त्री, आणि तेलपाणी व पुसापुशी करायला काशीराम.

काशीराम पन्नाशी ओलांडलेला. उभा जन्म होडीवर गेलेला. आदल्या वर्षीच्या वादळात त्याची होडी खडकावर आपटून फुटली, तेव्हा तो आमच्याकडे रोजावर लागला. त्याची बायको हिरा मासे विकायची. होडीच्या फटी बुजवण्यात काशीरामचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासायचा आणि वरून तेलात कढवलेली राळ लिंपायची, हे काम तो असं करायचा की विजयदुर्गापासूनची माणसं त्याला बोलवायला येत. मला त्याचं कौतुक नव्हतं. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण मी त्याला खुशाल अरे-तुरे करत होतो. तो मात्र मला ‘तुमी’ म्हणायचा.

माझा राग जिवावर उठला त्याच्या चार दिवस आधी इंजिनियर साहेबांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. तेल मुंबईहून येतं, एवढं तेल जातं कुठे, म्हणून. कुर्लीच्या अंगावर तेलाचे ओघळ होते हे खरं. साहेबांची जीप वळते न वळते तोच मी तो सगळा राग काशीरामवर काढला.

“ह्या तेल गळता ता तुका दिसना नाय? उद्यापासून एक थेंब गळाक नको! होडीक भोक दिसला तर काय बघीत बसतंस रे?”

काशीराम एवढंच म्हणाला, “बरा, मिस्त्री. एक थेंब गळूचो नाय.”

आणि खरोखरच दुसऱ्या दिवसापासून गळती थांबली. माझं तोंड कसं बरोब्बर काम करतं, असं मी परशुरामला ऐकवलंसुद्धा. तेल कुठून येत होतं आणि कशाने थांबलं, हे बघायला मी टाकीवर चढलो नाही. हे आज सांगताना मला माझीच लाज वाटते.

त्याच दिवसापासून कुर्लीचं वेगळंच दुखणं सुरू झालं. हात जवळ घेतला की ती चांगली दगड उचलायची. हात पुरता लांबवला की मात्र अंगातलं बळच जायचं, पंप कण्हायला लागायचा. परशुराम मला दोनदा सांगत आला. मी त्याला म्हटलं, “तुका चालवक येना नाय, ता सांग.” उधाणाच्या आत खिंडार बुजवायचं होतं आणि माझ्याकडे ऐकून घ्यायला वेळ नव्हता.

अमावस्येला दोन दिवस उरलेल्या त्या दिवशी दुपारी साडेचारला सुकती संपून भरती लागली. बांधाच्या पायथ्याशी खणलेल्या चरात आम्ही शेवटचे मोठे दगड बसवत होतो. कुर्ली माडाच्या ओंडक्यांच्या फलाटावर उभी होती. काशीराम पहार घेऊन चरात, दगड सारखे करत. परशुरामने हात पुरता लांबवून बकेट खाली नेली, दगड सोडला आणि हात वर घ्यायला दांडा ओढला. पंप दळायला घातलेल्या खड्यांसारखा करकरला. हात वर जायच्या ऐवजी भसकन खाली आला.

काशीरामची किंकाळी मी बांधावरून ऐकली.

बकेटची कड त्याच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली बसली होती. खाली मऊ रेंदा होता म्हणून पाय तुटून वेगळा झाला नाही, एवढंच. तो चरात बसल्यासारखा अडकला होता, कंबरेपर्यंत चिखलात. परशुरामने घाबरून इंजिन बंद केलं. मग शांत झालं आणि चराच्या तोंडातून आत येणाऱ्या पाण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

माणसं धावली. हातांनी चिखल उपसला, पण जेवढा उपसावा तेवढा परत येत होता. दहा जणांनी पहारी लावल्या. बकेट तसूभर हलली नाही. मी जॅक आणला, खाली फळी घातली, दोनदा दांडा मारला तर फळीसकट जॅकच चिखलात गेला. नळ्या सोडून बघायचीही सोय नव्हती. चुकीचा एक नट ढिला झाला असता तर नळ्यांतलं तेल सुटून त्या लोखंडी हाताचा उरलेला सगळा भार काशीरामवर आला असता. कुर्लीने स्वतः हात उचलल्याशिवाय तो सुटणार नव्हता, आणि पाणी तर चढत होतं. एका माणसाला सायकलवर साहेबांकडे पिटाळलं, पण साहेब मालवणात, ते येईपर्यंत सगळं संपलं असतं.

“पाणी किती वेळात भरतला?” मी विचारलं. कुणाला, तेही कळलं नाही.

उत्तर काशीरामने दिलं. दातावर दात आवळून, पण शांतपणे. “तासभर आसा, मिस्त्री. छातयेक लागला काय मी सांगतंय. घाय करू नकात.”

घाई करू नका, असं तो मला सांगत होता!

मी परशुरामला ओरडलो, “चालू कर!” त्याने बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. इंजिन फिरेचना. मी तोंडाला येईल ती शिवी त्याला घातली, त्याला बाजूला ढकललं आणि स्वतः दाबलं. टक्.

बॅटरी गेली म्हणावी तर सकाळीच तपासली होती, भरलेली होती. मी परशुरामला पुढचा दिवा लावायला सांगितलं. दिवा लख्ख लागला. दिवा तसाच ठेवून बटण दाब म्हटलं. दाबताच दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला आणि विझला. म्हणजे वीज होती, पण मोठा ओढा लागला की वाटेत कुठेतरी अडत होती. दिव्यापुरती वाट, इंजिनापुरती नाही. जिथे वीज अडते तिथे सांधा तापतो. मी परशुरामला बटण दाबून धरायला लावलं आणि बॅटरीपासून एकेक सांधा बोटांनी चाचपत गेलो. पहिला गार. दुसरा गार. बॅटरीची जाड पट्टी जिथे कुर्लीच्या सांगाड्याला बोल्टाने जोडली होती तिथे हात लावला आणि चटका बसला.

“सोड!” मी ओरडलो.

बोल्ट वरून चकचकीत होता. काशीराम रोज पुसायचा ना. खोलला तर पट्टीखाली खाऱ्या हवेने हिरवी-पांढरी, बुरशीसारखी कीट धरलेली. हे खोलून बघायचं काम माझं होतं, पुसणाऱ्याचं नव्हे. कानस शोधायला हत्यारांची पेटी उपडी केली, कानस मिळेना.

“पाणी छातयेक लागला,” चरातून आवाज आला.

हिरा बाजारातून तशीच धावत आली होती. ती नवऱ्याच्या डोक्यामागे, कंबरभर पाण्यात उभी राहून त्याला खांद्यांना धरून वर ओढून ठेवत होती. तिने एका हाताने कमरेची कोयती सोडली आणि माझ्याकडे भिरकावली. “ह्येना खरवड! आणि माझ्या घोवाक भायर काढ, मिस्त्री. नायतर माका तोंड दाखवू नको.”

मासे कापायच्या कोयतीने मी तो सांधा घासला, पितळ-तांबं दिसेपर्यंत घासला. बोटं कापली, तेही नंतर कळलं. बोल्ट आवळला. परशुरामने बटण दाबलं आणि इंजिन धडधडून उठलं. बांधावरच्या माणसांनी आरोळी ठोकली.

“हळू उचल,” मी म्हटलं. “हळू रे बाबा.”

परशुरामने दांडा ओढला. पंप किंचाळला, तेच खडे दळल्यासारखं. हात थरथरला आणि वर न जाता दोन बोटं खाली गेला. काशीराम असा ओरडला की मी कानांवर हात ठेवले. परशुरामने दांडा सोडला आणि तो रडायला लागला.

इंजिन फिरत होतं, पंप फिरत होता, आणि हातात बळ नव्हतं. पंपच गेला असेल तर काही करण्यासारखं राहिलं नव्हतं, नवा पंप आगबोटीने यायला महिना लागला असता. तेल संपलं म्हणावं तर टाकीच्या काचेत तेल दिसत होतं. आतली जाळी तुंबली असेल तर टाकी रिकामी करून खोलायला दोन तास. माझ्यापाशी पंधरा मिनिटं नव्हती.

“मिस्त्री,” काशीराम म्हणाला. पाणी त्याच्या खांद्यांना लागलं होतं. “तुमी थंयच उभे रवान ओरडा. तुमी गप झालात काय माका भय वाटता.”

मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यात परशुराम डोळे पुसत जे बोलला ते मी पहिल्यांदाच नीट ऐकलं.

“हात लांब गेलो काय असा करता, जवळ घेतलो काय बरो चलता. तुमका सांगललंय मी. दोनदा सांगललंय.”

हात लांब गेला की. का? मी तिथेच, गुडघाभर पाण्यात उभा राहून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आधी विचार केला. हात लांबवायचा म्हणजे त्याच्या नळकांड्यांत जास्त तेल जातं. तेवढं तेल टाकीतून कमी होतं. तेल गेलं की त्या जागी हवा आत यायला हवी. हवा आली नाही तर टाकीच उलट तेल ओढून धरते, पंपाला सोडत नाही. तान्हं मूल बाटली ओढतं आणि बुचाला हवा नसली की दूध येईनासं होतं, तसंच.

मी टाकीकडे बघितलं. तिचा पत्रा आत गेला होता. दात नसलेल्या म्हातारीच्या गालासारखा.

कसा वर चढलो ते आठवत नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी एक भोक असतं, करंगळीएवढं, त्यावर छोटी टोपी. यंत्र चिखलात कललं की त्यातून तेल हिंदकळून बाहेर यायचं, तेच ओघळ. मी झाकणावर वाकलो तर टोपी नव्हती आणि भोकही नव्हतं. त्या जागी गुळगुळीत, तपकिरी, घट्ट राळ. झाकणाच्या कडेनेसुद्धा राळेची सुरेख कड ओढलेली, कुठे फट नाही, कुठे खरबरीतपणा नाही. असं काम त्या किनाऱ्यावर एकच माणूस करू शकत होता.

होडीक भोक दिसला तर काय बघीत बसतंस रे?

तो बघत बसला नव्हता.

“पाणी हनवटेक लागला!” हिरा किंचाळली. काशीराम आता मान मागे टाकून आभाळाकडे तोंड करून होता.

झाकण फिरेना, राळेने ते अंगाशी एक झालं होतं. मी स्क्रूड्रायव्हर त्या भोकावर धरला आणि हातोड्याने मारला. राळ उडाली, खाली कापूस. चांगला पिळून, थरावर थर ठासलेला कापूस. मारलं, उकरलं, पुन्हा मारलं. इतकं चांगलं काम करायची काय गरज होती, म्हणून त्याला मनात शिव्या घातल्या आणि त्याच दमात देवाला सांगितलं, याला वाचव, मी पुन्हा आवाज चढवणार नाही. कापसाचा बोळा सुटून हातात आला. टाकीने एवढ्या जोराने श्वास आत ओढला की माझ्या बोटांची कातडी भोकाला ओढली गेली. मग आत गेलेला पत्रा थाडकन बाहेर आला.

पंपाची करकर बघता बघता विरली.

“परशुरामा,” मी म्हटलं. ओरडलो नाही. “आता उचल.”

हात एकदा हिसका देऊन थांबला, आणि मग शांतपणे, जसा उचलायला हवा तसा, वर निघाला. बकेटमधून चिखलाचं पाणी गळत होतं. हिराने घोवाला काखांत धरून मागे ओढलं आणि दोघंही पाण्यात आडवी झाली. चार माणसांनी त्यांना वर काढलं.

पाय वाईट अवस्थेत होता. नडगी मोडलेली, पावलापर्यंत काळानिळा. पण तो होता, आणि काशीराम खोकत, पाणी थुंकत, श्वास घेत होता. कुणीतरी होडीचं शीड आणलं, त्यावर त्याला निजवला. मी जवळ गेलो आणि बसलो. कापसाचा बोळा अजून माझ्या मुठीतच होता.

इतक्यात साहेबांची जीप आली. त्यांनी काशीरामचा पाय बघितला, त्याला जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यायला सांगितलं. माणसं शिडाच्या चार कडा धरून उभी राहिली, तोवर साहेब टाकीवर चढून आले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“टाकीचं हवेचं भोक बंद केलेलं होतं,” ते म्हणाले. “कोणी बंद केलं?”

रोजावरच्या माणसाने यंत्र बिघडवलं असं कागदावर गेलं असतं तर काशीरामला काम नाहीच, वर दवाखान्याचा खर्चसुद्धा मिळाला नसता. मी उभा राहिलो.

“मी केलं, साहेब.”

शिडावरून आवाज आला. मोडक्या पायाचा, अर्धा बुडालेला माणूस कोपरावर उठून बसला होता आणि रागाने लाल झाला होता. काशीरामला रागावलेला मी त्या आधी कधी बघितला नव्हता.

“तुमी? तुमच्या सात पिढयेत कोणी कापूस ठासललो काय? सायबानू, ता काम माझा. मी बुजवलंय. इचारा तेंका, चार दिवसांत एक थेंब तरी गळलो काय?”

कुणी हसलं नाही. हिराने तोंडात पदर धरला. साहेब एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

“बुजवलं त्याने, साहेब,” मी म्हटलं. “बुजवायला मी सांगितलं. भोक कशासाठी आहे ते मी सांगितलं नाही. तुमच्या कागदावर माझं नाव घाला.”

काशीरामचं लक्ष तेव्हा माझ्या मुठीकडे गेलं. मी मूठ उघडली. त्याने तो काळा, तेलकट बोळा ओळखला.

“ह्यो कित्याक काढलात?”

“काका,” मी म्हटलं, आणि तो शब्द मी त्याला पहिल्यांदाच वापरत होतो, “तेका श्वास घेवक ता भोक लागता. ता बुजला, म्हणान हात खाली इलो.”

त्याने बोळ्याकडे बघितलं, कुर्लीकडे बघितलं, मग आपल्या पायाकडे. मला वाटलं आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

“मगे ता माका आधी सांगूचा होता, मिस्त्री,” तो हळूच म्हणाला. “मी आयकलंय आसतंय.”

माणसांनी शीड उचललं आणि त्याला जीपकडे नेलं. मी तिथेच उभा होतो. तो खरंच ऐकणारा माणूस होता. चार दिवसांपूर्वीही त्याने माझा शब्द न् शब्द ऐकला होता. मी ओरडलो होतो खूप, पण त्याला सांगितलं काहीच नव्हतं.